मेणबत्तीचा दोरा

फ्रान्सिस्काबाई मालवणच्या शाळेत तिसरीला गणित शिकवायची. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की ती सरळ उठून जायची. नवरा लिनो बोटीवर, घरात ती आणि सात वर्षांची अ‍ॅनी. १९५८च्या जूनमध्ये अ‍ॅनीला खोकला लागला, तेव्हा बाईने वही काढली. खोकला कधी वाढतो, कधी उतरतो, ते ती रोज लिहू लागली.

महिनाभरात वहीने उत्तर दिलं. शाळेत पोर बरी असायची. देवगडला मावशीकडे चार दिवस राहिली, तर एकदाही खोकली नाही. मधल्या खोलीत निजली की मात्र पहाटे तिची छाती भात्यासारखी वाजायची.

बाईने त्या खोलीतलं कपाट सरकवलं. मागे भिंतीवर काळसर हिरव्या बुरशीचा एक उभा डाग होता. ओल्या गोणपाटाचा वास येत होता. पाऊस आत येऊ नये म्हणून पश्चिमेच्या खिडकीवर माडाच्या झावळ्या बांधल्या त्या तिनेच. ओले कपडे इथेच वाळत घातले, आणि वारा लागू नये म्हणून पोरीची खाटही याच भिंतीला चिकटवली. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"औषधाच्या बाटल्या मी कितीही देईन," डॉक्टर म्हणाले, "पण श्वास ती त्या बुरशीतूनच घेणार. आधी मुलीला तिथून हलवा."

अ‍ॅनीची खाट पडवीत आली. गादी जाळली. झावळ्या काढून खिडकी उघडली. महादू गवंड्याने तोंडाला फडकं बांधून भिंत खरवडली, मोरचूद घालून चुना मारला. आठव्या दिवशी डाग त्याच जागी हजर! मग महादूने गिलावा पाडला, चिरे उघडे केले, नवा गिलावा केला. चौथ्या दिवशी डाग परत आला.

"बाई, असो डाग मी आजून बघूक नाय," महादू हळूच म्हणाला. "चिरो आतून सुको खडखडीत आसा. मगे वल येता खंयसून?"

थापी उचलून तो गेला. पुन्हा बोलावलं तर आला नाही.

इकडे अ‍ॅनी पडवीत निजूनही खंगत चालली होती. दोन चमचे पेजही पोटात ठरेना. बाईचा धीर सुटला. गणित, वही सगळं बाजूला ठेवून तिने नवस बोलला: पोर बरी होऊ दे, इगर्जीत तिच्या उंचीएवढी मेणबत्ती लावीन. एका दुपारी तिने निजलेल्या अ‍ॅनीच्या माथ्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला, तिथे गाठ मारली आणि कापला.

दोरा हातात घेऊन ती मधल्या खोलीत गेली. का गेली, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. तिने दोरा डागावर धरला.

वरचं टोक डागाच्या माथ्याला जुळलं, गाठ बरोबर त्याच्या तळाला.

त्याच दुपारी घराला कुलूप लागलं. भर पावसात, होडीने खाडी ओलांडून, पोरीला छातीशी धरून ती देवगडला बहिणीकडे पोचली. सड्यावरचं ते कोरडं, वाऱ्याचं घर. पंधरा दिवसांत खोकला थांबला. अ‍ॅनी जेवू लागली, गालांवर रंग आला. बाई आनंदाने रडली.

"मांय, माजो खोकलो थंय घराकच रवलो मां?"

"व्हय गो बाय, थंयच."

पुढच्या मे महिन्यात नवस फेडायला दोघी मालवणला आल्या. इगर्जीपाशी मेणबत्त्या करणारी म्हातारी दोरा बघून हसली. "हो गेल्या वर्साचो मां? चेडू वाडला आसतला. परत माप घे."

अ‍ॅनी ताठ उभी राहिली. बाईने दोरा माथ्यावरून खाली सोडला. गाठ बरोबर टाचेला टेकली.

वर्गातली पोरं वर्षाकाठी तीन बोटं तरी वाढतात, हे बाईला पाठ होतं. तिची नजर अ‍ॅनीच्या गेल्या वर्षीच्या फ्रॉकवर गेली. शिवताना वाढत्या अंगासाठी आत दुमडलेली शिवण अजून उसवावीच लागली नव्हती.

"हिका जरा बघ," म्हातारीला एवढंच सांगून बाई घराकडे निघाली.

कुलूप कष्टाने उघडलं. उतरत्या दुपारचं ऊन खिडकीतून थेट भिंतीवर पडलं होतं. भिंत कोरडी ठणठणीत होती.

डाग होता.

तिने दोऱ्याचं टोक डागाच्या माथ्यावर धरलं आणि दोरा खाली सोडला. गाठ मधेच लोंबकळत राहिली. बाई गुडघ्यांवर बसली. गाठीच्या खाली उरलेला डाग, भिंतीला हात न लावता, तिने मोजला.

तीन बोटं.