बिननावाचं कार्ड

"माझ्या ताईनंच दगा दिला," ती शिवणकाम करणारी बाई म्हणाली. "माझा पत्ता दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही."

हेरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. त्यांचे यजमान, निवृत्तीनंतर बायकोच्या हाताखाली लागलेले, कान टवकारून बसले.

मारकुट्या नवऱ्याला सोडून ती या शहरात आली होती. मोबाइलही त्याच्या घरीच टाकून. एका खोलीत एकटी राहायची. दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही. खरेदी बिननावाच्या प्रीपेड कार्डावर. तरी काल नवरा औषधांच्या दुकानाबाहेर उभा दिसला. ती मागच्या गल्लीनं कशीबशी निसटली.

"तुमचा आताचा नंबर?"

"थांबा, बघून सांगते. पाठच होत नाही मेला."

हेरबाईंनी फोन लावला, तर ताई आधी रडली, मग उसळली. "जीव गेला तरी तोंड उघडणार नाही मी!"

घरमालकीण म्हणाली, "चौकशीला कुणी फिरकलं नाही. तिच्याकडे कधी कुणी येतच नाही हो."

औषधवाल्याला ती लगेच आठवली. "दम्याचं औषध नेतात. कार्डानं पैसे, आणि सवलतीसाठी मोबाइल नंबर घडाघडा सांगतात. कागदी बिल आम्ही बंदच केलंय."

"बहीणच ती," रस्त्यात यजमान म्हणाले.

"अहो, ताईनं पत्ता दिला असता तर तो थेट खोलीवर गेला असता. दुकानापाशी कशाला ताटकळेल? त्याला दुकान कळलं होतं, घर नाही."

"म्हणजे औषधवाला फितूर?"

"चला, तिलाच विचारू."

खोलीत शिवणयंत्राशेजारी एकच खुर्ची होती. हेरबाई उभ्यानंच बोलल्या.

"नवा नंबर तुम्हाला पाठ नाही. मग दुकानात घडाघडा सांगता तो कोणता?"

तिचा हात तोंडावर गेला. "जुना! सवयीनं..."

"बिलाचा मेसेज त्याच नंबरवर जातो, दुकानाच्या पत्त्यासकट. आणि तो मोबाइल आहे नवऱ्याच्या हातात. कार्ड मुकं राहिलं, नंबर बोलला."

"ताईला मी नाही नाही ते बोलले," ती पुटपुटली. यजमानांनी मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी तिनं शहर सोडलं. ओळखीचं एकही माणूस नसलेल्या नव्या गावी धीर गोळा करायला तिला बरेच दिवस लागले. मग तिनं फोन लावला.

"ताई, चुकले गं मी."



"कुठे आहेस ते मला सांगू नकोस," ताई म्हणाली. "नुसती बोलत राहा."