दामिनीच्या नावाचं खातं

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, अमरावतीच्या एका बँकेत, दामिनीच्या अर्जावर एका अनोळखी तरुणाचा फोटो चिकटला. चिकटवणारा तो तरुणच होता.

झालं असं, की खिडकीजवळच्या टेबलावर डिंकाची एकच बाटली होती आणि तिच्याभोवती सात-आठ जणांचे अर्ज पसरलेले. फेब्रुवारी संपत आला होता, पंखे सुरू झाले होते. वाऱ्यानं कागदांची सरमिसळ झाली, आणि या गृहस्थानं आपला फोटो भलत्याच अर्जावर बसवून वरून अंगठाही फिरवला.

"अवो... तो माहा अर्ज हाये," दामिनी म्हणाली.

त्यानं अर्जाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानापाशी केस जरा वाढलेले, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव.

"खरंच की. आता... खातं तुमचं, थोबाड माहं. चालन का?"

"मले चालन. बँकेले नाही चालणार."

त्यानं फोटो ओढला तर अर्धा अर्जच फाटून आला. दामिनीचा नंबर गेला, नवा अर्ज भरावा लागला, पुन्हा रांग. तो मात्र गेला नाही. "माह्यामुळं नंबर गेला, मंग मी कसा जाऊ?" म्हणत तिच्यामागंच उभा राहिला. नाव अश्विन, राहणार बडनेरा, वडील रेल्वेत. विचारलं नसतानाही त्यानं हे सगळं सांगितलं. दामिनीला हसू आलं, ते तिनं ओढणीत लपवलं.

रांग लांब होती, म्हणून तिनंही आपलं रडगाणं सांगितलं. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली. लहान मुलांच्या कपड्यांवर छापायची चित्रं काढायची... कासवं, पोपट, तुरीच्या शेंगा. नेदरलँड्समधल्या एका कंपनीनं तिची बारा चित्रं घेतली आणि पैसे कुठे पाठवू म्हणून विचारलं. तिच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, मनोजदादाचं खातं. कापसाचे पैसे तिथे, कृषी केंद्राचे तिथे, आईनं विकलेल्या दुधाचेसुद्धा तिथे. दुसरीकडे जाऊ शकतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दामिनीच्याही नाही. तिनं बिनदिक्कत भावाचा खातेक्रमांक कळवला.

पैसे निघाले, अकरा दिवस कुठेकुठे हिंडले आणि आले तसे परत गेले. तिथल्या हिशेबनीस बाईंनी लिहिलं : बिल दामिनीचं आणि खातं मनोजचं, हे आम्हाला चालत नाही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत स्वतःच्या नावाचं खातं कळवा, नाहीतर वर्षभराचं काम दुसऱ्या चित्रकाराला जाईल. दामिनीच्या नावाचं एकच खातं होतं, अमरावतीत शिकायला असताना उघडलेलं आणि तेव्हापासून गाढ झोपलेलं. त्याला जागं करायला ती आली होती.

"मले विचारलं असतं तर आधीच सांगतलं असतं," अश्विन म्हणाला.

"तुमी आजच भेटले."

"ते मात्र... माहं चुकलंच."

अर्ज घेतला गेला, दोन दिवसांत खातं सुरू होईल म्हणाले. बाहेर आल्यावर प्रायश्चित्त म्हणून त्यानं तिला दह्यात बुडवलेला गिला वडा खाऊ घातला. तोही घरूनच काम करायचा. ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या मुलाखतींचा आवाज साफ करायचा... खोकले काढायचे, खुर्च्यांचा करकराट काढायचा, श्वास कापायचे.

"श्वास कापता?"

"जास्तीचे. लागणारे ठेवतो." बोलता बोलता तो थांबला, कारण ती त्याच्याकडे सरळ पाहत होती. मग घाईघाईनं फाटका अर्ज उलटा केला आणि त्यावर लिहीत मुद्द्यावर आला. "हे पाहा. बाहेरचे पैसे घ्याले आणखी एक खातं लागते. तिकडं युरो जमा होतात, इकडं रुपये पडतात. थेट बँकेत मागवले तर मधल्या बँका आपापला घास काढतात. ही दुसरी कंपनी दर वेळी फी घेते. आन् ही तिसरी... एक रुपया फी नाही. मी दोन वर्षं हिच्यातच हावो."

दामिनीनं कागद नीट पाहिला. "भाव काय लावते?"

"कशाचा?"

"युरोचा."

"फुकट हाये ना. मंग भाव काहून पाहाचा?"

आता कापसाच्या घरातली पोरगी हे ऐकून गप्प बसेल होय? "आमच्या शेतावर व्यापारी येते," ती म्हणाली. "म्हणते, अडत नाही, हमाली नाही, गाडीभाडं माहं. आन् भाव क्विंटलमागं दोनशे कमी लावते. माहे बाबा त्याले चहा पाजतात, कापूस देत नाहीत. दाखवा तुमचा मोबाईल."

तिनं त्याची शेवटची जमा पाहिली, त्या दिवशीचा बाजारभाव शोधला, बोटांवर हिशेब केला. त्याच्या शंभर ऑस्ट्रेलियन डॉलरमागं दोनशे रुपये गायब. अश्विनच्या हातात वडा तसाच राहिला आणि दही मनगटावर ओघळलं.

"दोन वर्षं..." तो म्हणाला.

"दोन वर्षं तुमी त्याले चहाबी पाजला आन् कापूसबी देला."

आणि तो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, स्वतःवरच. दामिनीला तो त्याच क्षणी आवडला. तिच्या घरातले पुरुष हरले की ताटावर राग काढायचे. हरल्यावर इतकं मनापासून हसणारा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

त्यानं तिला गाडीवरून बडनेरा स्टेशनवर सोडलं. अकोल्याची गाडी हलता हलता खिडकीशी येऊन म्हणाला, "कंपनी निवडली की कळवा. म्हंजे... मलेबी बदलाव लागन."

"तेवढ्याचसाठी?"

"आत्ता तरी... तेवढंच सांगतो."

मंगळवारी दामिनीनं दिवसभर तिन्ही पर्याय घासूनपुसून पाहिले. फी किती, भाव कोणता, पैसे किती दिवसांत, परदेशातून रक्कम आल्याचा दाखला दर वेळी मिळतो की मागावा लागतो. अश्विनचे तीन फोन आले. पहिल्यात त्यानं भावाबद्दल विचारलं, दुसऱ्यात दाखल्याबद्दल, तिसऱ्यात जेवण झालं का म्हणून. तिसऱ्या फोनपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं होतं, कुणी केलं ते दोघांनाही कळलं नाही. तिनं फी घेणारीच कंपनी निवडली. फी उघड सांगत होती, भाव बाजाराचाच देत होती आणि दाखला न मागता पाठवत होती.

बुधवारी झोपलेलं खातं जागं झालं, आणि घरही. बँकेचं पत्र नेमकं बाबांच्या, खुशालरावांच्या, हाती पडलं. ओसरीवर बसून ते पत्र उलटंसुलटं करत होते.

"मनोजच्या खात्यात काय काटे हायेत?" त्यांनी विचारलं. "घरात दोन खाती झाली का घराले दोन दारं होतात. बंद कर हे."

अश्विन फोनवर म्हणाला होता, मी बोलू का बाबांशी? दामिनीनं नको म्हटलं होतं. आता तिला त्याचा जरा पश्चात्तापही झाला. वर्षभराचं काम, दोन दिवस, आणि बाबांचा एक शब्द. ती त्यांच्यासमोर खालीच बसली.

"बाबा, मंडीत जाता तवा देवरावकाकाचा कापूस आपल्याच ट्रॅक्टरमंधी असते ना?"

"असते."

"वजनाची काटापट्टी कोणाच्या नावानं फाडता?"

"देवरावच्या. माल त्याचा."

"पण ट्रॅक्टर तुमचा. डिझेल तुमचं."

"म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या मालाची पट्टी आपल्या नावानं फाडली तर मंडीत तोंड कसं दाखवाव..." खुशालराव बोलता बोलता थांबले.

कासवं दामिनीनं काढली होती, पोपट तिनं काढले होते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. खुशालरावांनी चष्मा मागितला.

"भाव काय लावते तुही कंपनी?"

तिला रडूच आलं, पण तिनं आधी तिन्ही पर्यायांच्या हिशेबाची वही आणली. त्यांनी तिन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं, आकडे पुटपुटले आणि फुकटवाल्या रकान्यावर थांबले. "याच्यात कोण बावळट पैसे घेते?"

"हाये एक... बडनेऱ्याचा."

"त्याले सांग, बुडून राहिला म्हणून."

"सांगतलं."

"मंग?"

"हसला."

खुशालरावांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. "हसला म्हंजे सुधरन," एवढंच ते म्हणाले आणि पत्र तिच्या हातात दिलं. मनोजदादा दोन दिवस फुगून बसला. शुक्रवारी दुपारी दामिनीनं आपल्या नावाचं खातं कळवलं तेव्हा फोनची बॅटरी संपत आलेली पाहून चार्जर मात्र त्यानंच आणून दिला.

मार्चच्या मध्यावर पैसे आले. बारा चित्रांचे, पूर्ण, आणि दाखल्यावर छापलेलं नाव तिचं. तिनं ते नाव चार वेळा वाचलं. खुशालराव पेढे घेऊन मंडीत गेले आणि ज्याला त्याला युरोचा भाव सांगत सुटले. आणि अश्विन दुपारच्या गाडीनं अकोल्याला आला. कारण विचारलं तर म्हणाला, दाखला पाहायचा आहे.

मोर्णा नदीच्या पुलावर तिनं त्याला दाखला दाखवला. त्यानं तो फार वेळ पाहिला. इतका वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मले एक... म्हंजे... मी गाडीत घोकत आलो होतो..." लोकांच्या मुलाखतींतली अडखळ काढणाऱ्याला स्वतःचं एक वाक्य पुरं करता येईना.

"मी सांगू का?" दामिनी म्हणाली. "आजवर माह्यासाठी सारं घरानंच निवडलं. हे खातं पहिल्यांदा मी निवडलं. एका दिवसात. तुह्यासाठी तीन आठवडे लागले. रोज फोनवर बोलून पाह्यलं, रोज विचार केला. तू मले पाहिजे, अश्विन."

त्यानं कठड्याला हात टेकला. "हेच... अगदी हेच घोकत आलो होतो. तू मले लय आवडते. पहिल्या दिवशी वडा खाल्ला तवापासून."

"मंग बोलला काहून नाही?"

"भ्या लागलं. तू भाव इचारशीन असं वाटलं."

ती खळखळून हसली आणि भर दुपारी, भर पुलावर, तिनं त्याचा हात धरला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या पार्बताबाई भाजीची पिशवी घेऊन समोरून आल्या. थबकल्या. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं, मग अश्विनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोण हाये वं हा?"

"माहा हाये, काकू," दामिनी म्हणाली, आणि तिनं हात सोडला नाही.