हिरवा ठिपका स्थिर होता

सकाळी दहाला दिब्यो स्वतः दुकानात आला आणि कॅमेरा टेबलावर ठेवून म्हणाला, "यात काही बिघाड नाही, एवढं लिहून दे, मुर्नी. वुलानला आजच काढून टाकतो. तिची जागा तुला."

मुर्नीला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला? सोलो शहरातल्या दिब्योच्या स्टुडिओत वीस वर्षं लग्नांचे फोटो तिनेच काढले होते. मग ही चोवीस वर्षांची वुलान आली आणि मुर्नी कॅमेरे दुरुस्त करत बसली. त्या पोरीचं नाव ऐकलं की अजून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दिब्योने दुरुस्तीची पावती हात लांब करून वाचली, खिशात घातली आणि गेला.

कालच्या लग्नात नवरानवरी समोरासमोर आली, त्यांनी एकमेकांवर विड्याची पानं फेकली, नवऱ्याने पायाने अंडं फोडलं. पुन्हा न येणारे क्षण. वुलानच्या चाळीसही फोटोंत चेहरे धूसर आणि डावीकडचा कोरीव खांब तेवढा लख्ख. वधूकडचे खवळले. असं नाव गेल्यावर सोलोत वुलानला दारात कोण उभं करणार?

मुर्नीने कॅमेरा डोळ्याला लावला. आतले आकडे स्वच्छ दिसले. बटण अर्धं दाबताच अगदी डाव्या कडेला लाल चौकोन चमकला, खाली हिरवा ठिपका पेटला, टीक वाजलं. डोळा लावायच्या काचेशेजारचं नखाएवढं चाक टोकाला फिरवलेलं होतं. बाकी कॅमेरा ठणठणीत.

तिने खुशीत पेन उचललं. अर्धं वाक्य झालं. पुढचं धड दिसेना म्हणून ती चष्मा शोधू लागली आणि तिचा हात थांबला.

दुपारी चारला तिने दिब्यो, वुलान आणि स्टुडिओतला मदतनीस रुस्मान अशा तिघांना दुकानात बोलावलं. वुलानचे डोळे सुजले होते.

"हिरवा ठिपका पेटला होता?"

"हो, बू मुर्नी. स्थिर होता. लुकलुकला असता तर मी थांबले असते."

"ठिपका एवढंच सांगतो की कशावर तरी नेम बसलाय. कशावर, ते चौकोन सांगतो. तो कुठे होता?"

"मी नेहमी मधेच ठेवते. काल आत सगळं धूसर होतं, चौकोन कळलाच नाही. वाटलं, झोप नाही म्हणून डोळे थकलेत."

"मागच्या पडद्यावर बघायचंस."

"वडीलधाऱ्यांसमोर पडद्यात डोकावायचं नाही, हा ओम दिब्योंचा नियम आहे." दिब्योला ती काका मानून ओम म्हणायची आणि मुर्नीला बाई म्हणून बू.

लग्नाच्या आदल्या रात्री कॅमेरा स्टुडिओच्या कपाटात होता. किल्ल्या दोघांकडे, दिब्योकडे आणि रुस्मानकडे. जाड चष्म्याचा रुस्मान वुलानच्याच वयाचा, पण तिच्या हाताखाली दिवे धरणारा. तो सरळच म्हणाला, "मी काही केलं नाही. पण मला वाईट वाटलं असंही नाही."

मुर्नीने कॅमेरा पुढे केला. "आतले आकडे वाचा."

वुलानला धूसर दिसलं. रुस्मानला चष्मा लावून धूसर, काढून आणखीच धूसर. दिब्यो हसला, कॅमेरा घेतला आणि घडाघडा वाचलं, "एकशे पंचवीस. पाच पॉइंट सहा. अजून नजर शाबूत आहे माझी."

"आता खिशातली सकाळची पावती वाच. हात लांब न करता."

दिब्योने खिशात हात घातलाच नाही.

"हे चाक ज्याच्या त्याच्या नजरेसाठी असतं," मुर्नी म्हणाली. "सकाळी मला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसलं. पन्नाशीच्या डोळ्याला जमेल असं चाक चोवीस वर्षांच्या पोरीच्या कॅमेऱ्यावर कसं? चौकोन कडेला सरकवायला आत बघावं लागतं. तुला आकडे दिसेनात, म्हणून तू चाक फिरवलंस आणि तसंच ठेवलंस. म्हणून तिला धूसर दिसलं. रुस्मानला लांबचं दिसत नाही, त्याने ते उलट्या बाजूला फिरवलं असतं. आणि ती पडद्यात बघणार नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तूच शिकवलंस."

दिब्योने कॅमेरा टेबलावर ठेवला. मग तो म्हणाला, "लोक माझ्या दारात येतात आणि माझ्याच तोंडावर विचारतात, वुलान आहे का? चष्मा लावला असता तर म्हणाले असते, म्हातारा संपला."

"जळते तर मीही," मुर्नी म्हणाली. तिने अर्धं लिहिलेला कागद फाडला आणि कोरा त्याच्यापुढे सरकवला, वर आपला चष्मा ठेवला. "वधूच्या घरच्यांना काय ते तूच लिही."

मग तिने कॅमेरा वुलानच्या डोळ्याला लावून चाक हळूहळू मागे फिरवलं. "आता?"

"दिसतंय."

"चौकोन?"

"डाव्या कडेला."

"आण मधे."

वुलानने चौकोन मधे आणला. समोर मुर्नीचा चष्मा लावून दिब्यो मान खाली घालून लिहीत होता. हिरवा ठिपका पेटला आणि स्थिर राहिला. वुलानने फोटो काढला नाही.