दादाचं नाक, माझा कान

दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं चष्म्याची निखळलेली काडी काउंटरवर ठेवली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाला, "जरा डावीकडे वळाल?"

मी वळले नाही. सहा वर्षं चष्मे विकल्यावर माणूस दिसत नाही म्हणून बघतोय की आगाऊपणानं, एवढं तर कळतंच. हा दोन्ही कारणांनी बघत होता.

"तुमचा कान बघायचा होता..." तो गडबडला. "म्हणजे—तुमच्या भावाचा."

मग उलगडा झाला. दादा युद्धावरून परत आला नाही, त्याला चार वर्षं झाली होती. आता गावानं त्याचा पुतळा चौकात बसवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी बोलावलेला शिल्पकार तो हाच. दादाला फोटो काढून घ्यायचा मनस्वी कंटाळा. मागे राहिले ते दोनच, दोन्ही समोरून, दोन्हींत टोपी कानांवर ओढलेली. पण आम्हा भावंडांचे कान एकसारखे, वरची कड किंचित दुमडलेली. हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

दुकान बंद झालं की मी वाचनालयामागच्या गोदामात जाऊ लागले. तिथं तो मातीत दादाला घडवत होता. स्टुलावर बसायचं आणि कान त्याच्याकडे करायचा. पत्र्यावर पाऊस हलकेच वाजत असायचा, ओल्या मातीचा वास सगळीकडे भरलेला. तो काम करता करता दादाबद्दल विचारायचा. चालायचा कसा, चिडला की काय करायचा... दादाची शीळ कायम बेसूर असायची आणि हसण्याआधी त्याच्या नाकपुड्या फुगायच्या, हे मी चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला सांगत सुटले.

त्याच्या चष्म्याचा स्क्रू मात्र दर दोन दिवसांनी ढिला व्हायचा. मग तो दुकानात यायचा, मी स्क्रू पिळायचे, आणि माझ्या बोटांकडे बघण्यासारखं काही नसताना तो बघत उभा राहायचा.

घरच्यांनी होकार दिल्याशिवाय साचा घ्यायचा नाही, असं पुतळा समितीनं त्याला बजावलं होतं. आई गोदामाकडे फिरकायलाही तयार नव्हती. होकार द्यायचा तो मीच.

एका मंगळवारी त्यानं ओली फडकी बाजूला केली आणि समोर दादा उभा होता. तेच नाक, तीच हसू दाबलेली जिवणी. हो म्हटलं की साचा निघणार, तो घेऊन हा शहरात ब्राँझ ओतायला जाणार. दादा पुन्हा जाणार... आणि हाही.

"नाक जरा चुकलंय," मी म्हटलं. दोघांपैकी कुणासाठी खोटं बोलले, ते मात्र विचारू नका.

पुढचे बारा दिवस मी नाकात खोट काढत राहिले. त्यानं एकदाही वाद घातला नाही. "बघतो," म्हणायचा आणि पुन्हा माझ्या कानाकडे वळायचा. निघताना आम्ही दोघं मिळून फडकी भिजवायचो, माती वाळू नये म्हणून. त्याची ओली बोटं माझ्या बोटांना लागायची, आणि मग आम्ही दोघंही एकदम हवामानाबद्दल बोलायला लागायचो.

तेराव्या दिवशी दारात आई उभी राहिली. आत आली, पुतळ्याकडे बघत राहिली. मग दादाच्या हनुवटीवरून ओघळणारं पाणी तिनं हातानं निपटलं.

"हा तर केव्हाचाच आलाय," ती म्हणाली. आमच्या दोघांकडे तिनं आळीपाळीनं पाहिलं. "उगाच ओला नका ठेवू त्याला. लगेच सर्दी व्हायची पोराला."

ती गेली. मी रडत होते, आणि तो जवळ उभा होता.

"नाक त्या मंगळवारीच जमलं होतं," शेवटी मी कबूल केलं.

"माहीत आहे." त्यानं हातावरची माती उगाचच खरवडली. "मीही कान रोज मोडत होतो. तुम्ही गेल्यावर... पुन्हा बसावं लागावं म्हणून."

त्या संध्याकाळी आम्ही फडकी भिजवली नाहीत. पिळून दोरीवर टाकली.

सकाळी साचा निघायचा होता. मी पर्समधला छोटा पेचकस काढला आणि हात पुढे केला. त्यानं चष्मा काढून दिला. इतके दिवस मी तो स्क्रू अर्धा वेढा कमीच पिळत आले होते. आज शेवटपर्यंत पिळला.

"आता हा ढिला होणार नाही," मी म्हटलं.

चष्म्याशिवाय त्याला मी धूसरच दिसत असणार. तरी तो माझ्या डोळ्यांत बघत होता, कानाकडे नाही. "मग परत कशाच्या निमित्तानं येऊ?"

मी चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला.

"निमित्ताशिवाय ये."