आकडा मागे येत नाही

लाइट गेलीच आहे, तर मोबाइलचे टॉर्चही बंद करा. इन्व्हर्टरचं नाव काढू नका, तो आठवडाभर नुसता टीं-टीं करतोय. तरुण, इकडे सरक, आणि हसू नकोस. तुला आणि अवंतीला, दोघा भावंडांना, भूत म्हटलं की पिक्चर आठवतो. मी सांगतोय ते घडलेलं आहे. त्याचा शेवट तर काल संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर झाला. म्हणजे, झाला असेल तर.

कोपऱ्यावर कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, त्या अंशुलची गोष्ट. त्याचे वडील फॅक्टरीत माझ्याबरोबर होते. ते गेले तेव्हापासून तो मला काका म्हणतो आणि मनातलं सांगतो. धाकटा भाऊ अक्षत, त्याला अंशुलनेच पोरासारखं वाढवलं. अक्षत पिकअप चालवतो, इथून, देवासहून पार धारकडच्या नालछा, डहीपर्यंत किराणा पोचवतो.

जानेवारीत एका मंगळवारी, रात्री साडेबाराच्या सुमारास, नालछ्याच्या रस्त्यावर कोणीतरी एका म्हातारीला उडवलं आणि पळ काढला. गेंदाबाई तिचं नाव, जागीच गेली. शेतीची लाइट रात्रीची येते, म्हणून मुलगा गव्हाला पाणी देत होता. त्याला चहा द्यायला ती काठी टेकत निघाली होती. पांढरी पिकअप पाहिली, एवढंच एकजण म्हणाला. अक्षतची गाडी पांढरी, आणि त्या रात्री तो त्याच रस्त्याने आला होता, म्हणून संशय त्याच्यावर आला. तो रडून रडून सांगत होता, "दादा, साडेबाराला मी पुढच्या पेट्रोल पंपावर उभा होतो. कॅमेऱ्यात असेल!"

असेलही. पण पंपाच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बंद पडलेला, आणि शनिवारी सकाळी पोलीस तो सील करून नेणार होते. एकदा नेला की त्यातलं काही निघेल याचा भरवसा अंशुलला नव्हता. म्हणून शुक्रवारी रात्री पावणेअकराला तो लॅपटॉप घेऊन पंपावर पोचला. त्याच्या मनात रत्तीभर शंका नव्हती. भाऊ निर्दोष आहे, फक्त दाखवायचं आहे.

पंपावर रात्रपाळीला रणवीर नावाचा माणूस होता. त्याने केबिन उघडून दिली आणि स्वतः दारातच थांबला. अंशुलने रेकॉर्डरमधली डिस्क काढून लॅपटॉपला जोडली.

आता हे नीट ऐका. काळ्या पडद्यावर एक कमांड दिली की डिस्क स्वतःची हकिकत सांगते. किती तास चालली, किती तापली. त्यातला एक आकडा असा की डिस्क आणि मशीन यांच्यातलं बोलणं वायरीत किती वेळा बिघडलं. अंशुलची पद्धत ठरलेली. आकडा लिहून घ्यायचा, वायर बदलायची, पुन्हा आकडा बघायचा. तेवढाच राहिला तर दोष वायरीचा, डिस्क ठणठणीत. पण तो आकडा मागे कधी येत नाही. कोणालाच पुसता येत नाही.

आकडा होता दोनशे चौदा. अंशुलने वायर बदलली. दोनशे चौदाच. तो मनातल्या मनात देवाच्या पाया पडला आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग उतरवायला लागला.

बारा वीस. बारा पंचवीस. बारा तीसला अडकलं.

आकडा बघितला. दोनशे पंधरा.

वायरीला हात लागला असेल, म्हणून त्याने पुन्हा सुरू केलं. बारा तीस, तिथंच अडकलं. दुसरी नवी वायर लावली. तेच. मग त्याने दर सेकंदाला आकडा दाखवणारी कमांड दिली आणि हात मांडीवर ठेवून बसला.

आकडा वाढला. थांबला. वाढला. थांबला. वायर बिघडली की आकडे भसाभस वाढतात, शेकड्यांनी. हे एकेक करून वाढत होतं. सावकाश. कोणी दम घेत घेत चालावं तसं.

रणवीर मागून वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला, "भिया... डोकरी ऐसेइच चलती थी. लकड़ी टेकती, रुकती, फिर टेकती."

"चुप रहो यार," अंशुल म्हणाला.

"मैं तो बाहर बैठ रिया हूँ."

रणवीर गेला. केबिनमध्ये अंशुल एकटा. सव्वाबारा वाजलेले. बाहेर रस्ता रिकामा, कुत्रंही नाही.

दोनशे चाळीस.

दोनशे एक्केचाळीस.

आता मधली थांबण्याची वेळ कमी व्हायला लागली. जवळ आल्यावर माणूस पाय उचलतो तसं. अंशुलच्या मानेवर घाम आला, जानेवारीत. पळून जावं असं वाटलं. पण सकाळी पोलीस येणार होते, आणि अक्षतचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मग तो मोठ्याने बोलला. लाज वाटत होती म्हणे, रिकाम्या खोलीत बोलायची.

"माँ जी, मेरे भाई ने नहीं मारा आपको. जिसने मारा, वो इसमें दिखेगा. कोई भी हो, मैं खुद थाने में दूँगा. माँ कसम."

...

आकडा थांबला.

दोनशे साठ. एक मिनिट गेलं. पाच मिनिटं. दोनशे साठच. आणि रेकॉर्डिंग सरसर उतरलं, एकदाही अडकलं नाही. तिला शब्द हवा होता, असं मला वाटतं. तो मिळाला.

अंशुलने रेकॉर्डिंग लावलं. बारा तीसला पंप रिकामा. पिकअप नाही. बारा पस्तीसला नाही. बारा अडतीसला आली... नालछ्याच्या बाजूने. अक्षत खाली उतरला. गाडीच्या समोरच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं, ते दोन्ही हातांनी ओढून काढलं.

काठी होती.

मागच्या शेतात फेकली. नळावर फडकं भिजवलं. बंपर पुसला. गाडीत बसला.

अवंती, रडू नकोस. मलाही सांगताना त्रास होतो. अंशुलने मला हे सांगितलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला शपथ आठवत होती. पण मला अक्षत पाच वर्षांचाही आठवत होता." त्याने लॅपटॉपमधलं रेकॉर्डिंग पुसलं. डिस्क काढली आणि फरशीवर आपटली. एकदा. दोनदा. मग परत बसवून ठेवली. रणवीरला म्हणाला, डिस्क मेलेली आहे, काही निघालं नाही. पुढे पुराव्याअभावी अक्षत सुटला. अंशुलने त्याला एका शब्दानेही विचारलं नाही.

पण त्याआधीच, लगेचच्या सोमवारी, दुकानात एका गिऱ्हाइकासाठी अंशुलने नवी डिस्क उघडली. पाकीटबंद. नव्या डिस्कचा तो आकडा शून्यच असायला हवा.

दोनशे एकसष्ट होता.

त्याने दुसरी उघडली. दोनशे बासष्ट. त्यानंतर कुठलीही नवी डिस्क उघडा, आकडा कालच्याहून पुढे. मार्चमध्ये साठ हजार. जूनमध्ये लाखाच्या वर. अंशुलने एकदा नालछ्यापासून देवासपर्यंतची पावलं मोजायचा हिशेब कागदावर मांडला, आणि अर्धवट टाकून कागद जाळला.

काल संध्याकाळी मी त्याच्या दुकानात बसलो होतो. साडेसात वाजलेले. त्याने माझ्यासमोर डिस्क जोडली होती, आकडा मी या डोळ्यांनी बघत होतो. वाढत होता. एक... एक... एक. भरभर.

तेवढ्यात अक्षत आत आला. हसतमुख पोरगा. "काका, पाया पडतो. दादा, मी निघतो, आज नालछ्याची फेरी आहे."

आकडा थांबला.

अंशुल पडद्याकडे बघत राहिला. मीही. अक्षतने चावी उचलली आणि गेला. आम्ही दोघं वाट बघत बसलो, आता वाढेल, मग वाढेल.

नाही वाढला.

अंशुलने कपाटातली दुसरी नवी डिस्क काढली. पाकीट दातांनी फाडलं. जोडली. कमांड दिली.

शून्य.

सहा महिन्यांत पहिल्यांदा... शून्य. अंशुल "अक्षत!" म्हणून ओरडत रस्त्यावर धावला. मी त्याच्या मागे गेलो. पिकअप चौकातून वळत होती. अक्षतच्या शेजारच्या सीटकडच्या खिडकीची काच आतून कोणीतरी हळूहळू वर करून घेत होतं.