मानवी वावर: शून्य

अभयारण्याच्या फाटकाच्या आत चाळलेल्या मातीचा वीस फुटी पट्टा आहे. संध्याकाळी खराट्याने तो सपाट करायचा, सकाळी त्यावर उमटलेले पाय वाचायचे, वहीत लिहायचे, पुन्हा खराटा फिरवायचा. अठरा वर्षं हेच करतोय. वनरक्षकाची नोकरी म्हणजे निम्मी झाडूवाल्याचीच.

यंदा अभयारण्याला पंचाहत्तर वर्षं झाली. साहेबांनी नवा फलक रंगवायला सांगितला: 'या भूमीवर मानवी वस्ती कधीच नव्हती.' धडधडीत खोटं. तळ्याकाठी आमची चाळीस घरं होती. बड्या लोकांनी आधी इथे हरणं मारली, मग त्यांना हरणांचा पुळका आला आणि एका दिवसात गाव उठवलं. माझा बाप तेव्हा सात वर्षांचा. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं आधीच शिकाऱ्यांच्या सापळ्यात गेली होती.

तीन वर्षं तो अंथरुणाला खिळलाय. त्याने एकच मागितलं. "फलकावर आपल्या गावाचं नाव टाक. मरायला मोकळा होईन."

"नोकरी जाईल, बाबा."

"गाव गेलं. नोकरी तेवढी सांभाळ तू."

फलक मीच रंगवला. साहेबांचं वाक्य, जसंच्या तसं.

दुसऱ्या सकाळी पट्ट्यावर अनवाणी माणसाचे पाय. आत जाणारे, परतीचे नाहीत. तिसऱ्या सकाळी सात जणांचे, त्यात एक लेकरू, नुकतं चालायला लागलेलं. फाटकाचं कुलूप जागेवर. पट्ट्यापलीकडच्या दवात गवताची एक काडी दबलेली नाही.

साहेबांना दाखवलं. "यांना वहीत कुठल्या रकान्यात लिहू, साहेब? गवत खाणारे की मांस खाणारे?" ते हसले, पण पट्ट्याजवळ आले नाहीत. "मानवी वावर शून्य लिही आणि पूस."

लिहिलं. पुसलं.

आज एकाच माणसाचे पाय होते. डाव्याला तीनच बोटं. टाचेची ती भेग मला पाठ आहे. रोज रात्री मीच तिला तेल लावतो.

वही उघडली. वळणावर साहेबांची जीप दिसली.

खराटा फिरवला.

घरी बायको दारातच उभी. "बाबांचा पाय सकाळपासून जळजळतोय. मला हात लावू देत नाहीत."

बाप छताकडे बघत होता. "पुसलंस?"

मी पांघरूण सारलं. डाव्या तळव्यावर भेग नव्हती. रेषा नव्हत्या. उरलेली तीन बोटंही नव्हती. नुसती सपाट कातडी, आणि तिच्यावर खराट्याच्या काड्यांचे बारीक ओरखडे. डावीकडून उजवीकडे, मी ओढतो तसे.