कांडी धरली तेव्हा

डार्लानं कॉफीचा कप हातात घेऊन दार उघडलं, तर पायरीवर वासरू... आणि त्याच्यामागे टोपी काढून उभा असलेला एक उंच तरुण.

"वाऱ्यानं तारेचं कुंपण पडलं," तो ओशाळून म्हणाला. "मी रॉइस. हिवाळ्यापुरती तुमच्या गव्हात भाड्यानं चरणारी गुरं माझी."

"फोनवर म्हातारे वाटला होतात."

"आणि तुम्ही खाष्ट."

"ती मी आहेच."

तो हसला. ओक्लाहोमातला तो हिवाळा मग रोज त्याच्या हसण्यानं सुरू व्हायचा. तळ्यावरचा बर्फ फोडून, गुरांना पाणी मोकळं करून तो स्वयंपाकघरात यायचा. गारठलेले हात कपाभोवती धरायचा, कधी चुकून तिच्या हातांभोवतीही... आणि चूक दुरुस्त करायची घाई दोघांनाही नसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

फेब्रुवारी सरता सरता डार्लानं कुंपणाबाहेरचं, गुरांचं तोंड न लागलेलं गव्हाचं एक रोप उपटलं. चाकूनं उभं चिरलं. गव्हानं कांडी धरली होती, ती आतून पोकळ झाली होती.

"गुरं काढावी लागतील, रॉइस. आता चरली तर कांडीत वर सरकणाऱ्या ओंब्याच जातील."

"जाऊ देत की." तो जवळ सरकला. "सगळंच चरू दे. भाडं वाढवून देतो. मेपर्यंत इथंच राहीन — रोज तुझी कडू कॉफी पीत."

ती मागे सरकली नाही. पण वडील गेल्यावर तिनं एकटीनं पेरलेला हा पहिला गहू होता.

"गुरं पाठवून तू राहिलास तर?" तिनं हळूच विचारलं.

"गुरांशिवाय मी इथं काय करू?" तो हसत बोलून गेला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून गडबडला. "तसं नव्हतं म्हणायचं मला, डार्ला..."

"माहितीये. पण तोंडी आधी तेच आलं."

दुसऱ्या दिवशी ट्रक भरले. शेवटचं वासरू चढलं तरी तो रेंगाळत राहिला.

"मला आवडतेस तू," तो ट्रककडे बघत म्हणाला.

"मलाही... तू." ती घराकडे वळली. "जाताना फाटक लावून जा."

त्यानं लावलं. अगदी नीट, कडी घालून.

जूनमध्ये गहू भरघोस आला. कोठारावर वजन करणाऱ्या बाईनं मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि कौतुकानं विचारलं, "सगळं एकटीनंच केलंस?"

"हो," डार्ला म्हणाली. "एकटीनंच."